फ्रुक्टोसामाइन लावताना: खान्देशातल्या नव्या टेक्निशियनसाठी

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नुकतेच लॅबमध्ये लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. शुगर, युरिया, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन या तपासण्या पहिल्या महिन्यातच हाताला बसतात. मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन मात्र महिन्यातून चार-दोनदाच येते, त्यामुळे ती कोणी बसून शिकवत नाही. किट फ्रिजच्या मागच्या कप्प्यात पडून असतं. चिठ्ठी आली की लिटरेचर, म्हणजे किटसोबतचं माहितीपत्रक, उघडायचं, कसंबसं रन करायचं आणि आकडा लिहून मोकळं व्हायचं, अशी सवय लागते. आपल्या धुळे-नंदुरबार-जळगावच्या पट्ट्यात ही सवय चालणार नाही. इथे ज्या पेशंटसाठी डॉक्टर ही तपासणी लिहितात, त्याच्याजवळ बऱ्याचदा दुसरा भरवशाचा आकडाच नसतो.

एक केस आधी सांगते.

धडगावकडच्या एक बाई, वय चाळिशीच्या आतलं, आमच्या गावी डॉक्टरांकडे आल्या होत्या. जेवणानंतरची शुगर निघाली २८६. त्याच रक्तातली एचबीएवनसी ५.१. शुगर इतकी आणि तीन महिन्यांची सरासरी एकदम निरोगी माणसासारखी, हे जुळेना. मी शुगर परत लावली, २८४. एचबीएवनसी परत लावली, ५.०. दोन्हींचे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेली पडताळणीची सॅम्पल) जागेवर होते, म्हणजे मशीनवर खापर फोडायची सोय नव्हती. हिमोग्लोबिन ८.२ होतं. डॉक्टरांनी सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट सांगितली, ती पॉझिटिव्ह आली, आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एसएस पॅटर्न निघाला, म्हणजे बाई वाहक नव्हे, सिकलसेलग्रस्त. बाईंना लहानपणापासून अधूनमधून हातपाय दुखायचे. घरच्यांनी ते कामाचं दुखणं समजून सोडून दिलं होतं.

एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनवर किती साखर चढली आहे त्याचं माप. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तितके दिवस रक्तातल्या साखरेत राहते, म्हणून तिच्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधता येतो. सिकलसेलग्रस्ताची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. साखर चढायला तिला वेळच मिळत नाही, मग एचबीएवनसी कमी येणारच. हा आकडा मशीनच्या दृष्टीने बरोबर असतो, पेशंटच्या दृष्टीने मात्र फसवा. त्या बाईंचं फ्रुक्टोसामाइन ४१० आलं आणि उपचारांची दिशा तिथून ठरली.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या सातपुड्याच्या आणि सीमेवरच्या तालुक्यांतून, भिल्ल, पावरा, गावित, कोकणी कुटुंबांतून सिकलसेल आहे, हे आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकानं पक्कं ध्यानात ठेवावं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याचं लक्ष्य २०४७ सालाचं आहे. त्या तपासणीत पुष्कळ लोक सापडताहेत. पण भारतातल्या सिकलसेल रुग्णांमध्ये बाळपणीचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, बऱ्याचदा मोठेपणीही जास्त राहतं आणि त्यामुळे आजार सौम्य असतो. असे लोक निदान न होताच तिशी-चाळिशी गाठतात. त्यातल्या एखाद्याला डायबेटिस झाला की तो आपल्या काउंटरवर येतो आणि आपण त्याच्या हातात छानशी एचबीएवनसी ठेवतो.

हे मोजतो तरी काय

नावावरून गोंधळ होतो, तो आधी काढून टाकू. फ्रुक्टोसामाइनचा फळातल्या साखरेशी थेट संबंध नाही. रावेर-यावलकडचे केळीवाले शेतकरी रिपोर्टवर हे नाव वाचून विचारतात, "ताई, केळी खाल्ली म्हणून वाढलं का हे?" त्यांना समजावून सांगा. रक्तातला ग्लुकोज प्रथिनांच्या अमिनो टोकाला, मुख्यतः लायसिनला, आपोआप चिकटतो. त्याला कुठलं एन्झाइम लागत नाही. पहिली जोडणी कच्ची असते, सुटूही शकते. मग तिच्यात आतल्या आत फेरबदल होतो, त्याला अमाडोरी बदल म्हणतात, आणि पक्कं कीटोअमाइन तयार होतं. त्याची घडण फ्रुक्टोजसारखी दिसते, म्हणून हे नाव. सिरममधल्या अशा सगळ्या साखर चिकटलेल्या प्रथिनांना मिळून आपण फ्रुक्टोसामाइन म्हणतो. त्यात मोठा वाटा अल्ब्युमिनचा, कारण सिरममध्ये तेच सगळ्यात जास्त असतं.

अल्ब्युमिनचं अर्ध-आयुष्य साधारण दोन ते तीन आठवड्यांचं. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांतली साखर दाखवते. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं घ्या. आखाजीला घरोघर आमरस आणि खापरावरचे मांडे होतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, जेवणं आठ-दहा दिवस तशीच चालतात. त्यानंतर पंधरवड्यानं कोणी फास्टिंग शुगर करायला येतो तो आदल्या दिवशी भाकरीचा तुकडा खाऊन, आणि शुगर १२० निघते. एचबीएवनसीत ते दिवस आधीच्या दोन महिन्यांत मिसळून जातात. फ्रुक्टोसामाइनमध्ये ते ठळक दिसतात. उलट बाजूनंही तेच. डॉक्टरांनी गोळी बदलली किंवा इन्सुलिन सुरू केलं, तर फरक पडला की नाही हे तीन महिने न थांबता तिसऱ्या आठवड्यात कळतं.

आता टेबलावर चला.

चिठ्ठी आणि पेशंट

सॅम्पल घेण्याआधी पेशंटशी दोन मिनिटं बोला. रक्त कधी चढवलं होतं का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, पायावर सूज येते का, लघवीतून प्रथिनं जातात असं कोणी सांगितलं आहे का, गरोदर आहे का, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू आहेत का, डायबेटिसचं औषध शेवटचं कधी बदललं. सिकलसेलचं कार्ड असेल तर वाहक की ग्रस्त, हे चिठ्ठीवर लिहा. वाहकाच्या पेशी जवळपास नेहमीसारख्याच जगतात, तरी काही पद्धतींत एस हिमोग्लोबिन एचबीएवनसीच्या मापात आडवं येतं, म्हणून ती नोंदही कामाची.

यातले बरेच प्रश्न विचारायचे ते अल्ब्युमिनसाठी. किडनीतून अल्ब्युमिन वाहून जात असेल, लिव्हर ते बनवत नसेल, किंवा थायरॉइड जास्त असल्यामुळे प्रथिनांची उलाढाल झपाट्यानं होत असेल, तर फ्रुक्टोसामाइन साखरेच्या मानानं कमी येतं. थायरॉइड कमी असेल तर उलट, जास्त. गरोदरपणात रक्त पातळ होऊन अल्ब्युमिन उतरतं, तेव्हाही आकडा खाली येतो. एचबीएवनसीला तांबड्या पेशीचं वय फसवतं, फ्रुक्टोसामाइनला अल्ब्युमिनचं. म्हणून माझा आग्रह आहे: फ्रुक्टोसामाइन कधी एकटं लावू नका, त्याच सिरममध्ये अल्ब्युमिन लावाच. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर फोन करून विचारा. अल्ब्युमिन ३ ग्रॅमच्या खाली असेल तर फ्रुक्टोसामाइनच्या आकड्यावर भार टाकता येत नाही.

उपाशीपोटी यायची गरज नाही, हे आधीच सांगून ठेवा. पहाटेची एसटी पकडून डोंगरातून आलेला म्हातारा माणूस दुपारी बारापर्यंत उपाशी बसलेला मी पाहिला आहे, फक्त "रक्त तपासायचं आहे" एवढं ऐकून. तो इन्सुलिनवर असेल तर हे धोक्याचं आहे. खाऊन या, पाणी पिऊन या, असं स्पष्ट शब्दांत सांगा.

सॅम्पल

साधी लाल झाकणाची किंवा जेलची पिवळ्या झाकणाची ट्यूब घ्या, दोन-तीन मिली रक्त पुरतं. शुगरसाठी राखाडी फ्लोराइड ट्यूब लागते, कारण पेशी ग्लुकोज खात राहतात. इथे साखर प्रथिनाला पक्की चिकटलेली आहे, ती पेशी खात नाहीत, म्हणून फ्लोराइड नको. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवू नका. शीर सापडेना म्हणून दोन-तीन मिनिटं पट्टा राहिला की तिथलं पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं दाट होतात आणि फ्रुक्टोसामाइनही वाढतं. अर्धा तास गोठू द्या, मग ३००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवा.

सिरम उजेडाकडे धरून बघा. लालसर झाक असेल तर सॅम्पल परत मागवा. आपण ज्या तरंगलांबीवर वाचतो त्याच्या आसपासच हिमोग्लोबिनही प्रकाश शोषतं, त्यामुळे फुटलेल्या पेशी आकडा बिघडवतात. गडद पिवळं, काविळीचं सिरम असेल किंवा दुधासारखं पांढुरकं असेल तर तसं रजिस्टरमध्ये लिहा. कलेक्शन सेंटरवरून येणाऱ्या सॅम्पलचा खास विचार करा. चांदशैली घाटातून मोटारसायकलच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात, न फिरवलेली ट्यूब आली तर ती लाल होऊनच येणार. तिथल्या माणसाला सांगा, सिरम वेगळं करूनच पाठव, आणि बर्फाच्या डब्यात. वेगळं केलेलं सिरम २ ते ८ अंशांवर आठवडाभर सहज टिकतं, म्हणजे घाईनं पाठवायची गरजही नसते. आठवड्यातून दोन दिवस ठरवून बॅच लावली तरी चालतं.

रिएजंट

आपल्याकडच्या बहुतेक लहान लॅबमध्ये एनबीटीची पद्धत असते. न्यूझीलंडमधल्या जॉन्सन, मेटकाफ आणि बेकर यांनी ती १९८३ मध्ये मांडली. रिएजंटमध्ये नायट्रोब्लू टेट्राझोलियम असतं आणि कार्बोनेट बफर, पीएच सुमारे १०.३. इतक्या अल्कलीत कीटोअमाइन एनबीटीला क्षपित करतं आणि जांभळा फॉर्मझान तयार होतो. जितकं फ्रुक्टोसामाइन, तितका जांभळा रंग वेगानं गडद होतो. तोच वेग आपण मोजतो.

बाटली उघडल्यावर रंग बघा. फिकट पिवळसर असेल तर ठीक. जांभळट छटा दिसली तर ते रिएजंट आधीच बिघडलं आहे. एनबीटीला प्रकाश सहन होत नाही, म्हणून गडद बाटलीतच ठेवा, आणि वापरून झालं की झाकण लगेच लावा. उघडी राहिली तर अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पीएच उतरतो. पीएच उतरला की प्रतिक्रिया मंदावते आणि सगळे आकडे कमी येतात.

लिटरेचरमध्ये "रिएजंट रूम टेम्परेचरला आणा" असं लिहिलेलं असतं. हे वाक्य २५ अंशांच्या खोलीसाठी आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. पंख्याखालची लॅब तेव्हा ३८ ला असते. अशा दिवसांत लागेल तेवढंच रिएजंट बाहेर काढा, बाटली लगेच परत फ्रिजमध्ये. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. ही वही कंटाळवाणी वाटते, पण कंट्रोल बाहेर गेला की पहिलं उत्तर तिच्यातच सापडतं.

एन्झाइमचं किट असेल तर काम वेगळं. त्यात आधी प्रोटीएज प्रथिनांचे तुकडे करतं, मग ऑक्सिडेज त्यातल्या साखर चिकटलेल्या तुकड्यांवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं आणि पेरॉक्सिडेजनं रंग येतो. ही पद्धत जास्त नेमकी. पण व्हिटॅमिन सी जास्त असेल तर ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं आणि आकडा कमी दाखवतं. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी कधीही जुळवू नका. एका लॅबमध्ये एनबीटीवर आणि दुसरीकडे एन्झाइमवर केलेल्या रिपोर्टची तुलना करून "साखर सुधारली" म्हणणं चूक आहे.

कॅलिब्रेटर आणि कंट्रोल

कॅलिब्रेटर, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून पेशंटचा आकडा काढतो ते ठरलेल्या किमतीचं सॅम्पल, बहुधा पावडरमध्ये येतो. सांगितलं असेल तितकंच डिस्टिल्ड वॉटर पिपेटनं घाला. सिरिंजनं अंदाजे घालायचं नाही. हलक्या हातानं फिरवा, झटकू नका, फेस आला की प्रथिन बिघडतं. अर्धा तास तसाच ठेवा. मग लहान लहान ट्यूबमध्ये वाटून गोठवा, म्हणजे दर वेळी एकच ट्यूब काढता येईल. वितळलेली पुन्हा गोठवू नका.

दोन पातळ्यांचे कंट्रोल, एक नॉर्मल आणि एक वाढलेला, प्रत्येक बॅचला लावा. महिन्यातून चारदा तपासणी येते म्हणून कंट्रोल टाळायचा मोह होतो, कारण कंट्रोल महाग आणि पेशंट एकच. मी एकदा तो मोह केला आहे. वॉटर बाथचा थर्मोस्टॅट बिघडला होता, पाणी ३७ ऐवजी ३३ वर होतं, आणि मी कंट्रोल न लावता तीन रिपोर्ट दिले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामासाठी थर्मामीटर बुडवला तेव्हा कळलं. तिघांनाही परत बोलवून, माफी मागून, पुन्हा लावलं. तिन्ही आकडे वाढले. त्यातल्या एकाला डॉक्टरांनी इन्सुलिन कमी करायला सांगितलं होतं. तेव्हापासून कंट्रोल लावल्याशिवाय आमच्या टेबलावरून फ्रुक्टोसामाइनचा रिपोर्ट निघत नाही.

कंट्रोलचे आकडे लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर, म्हणजे कंट्रोल मांडायच्या आलेखावर, टाका. एक कंट्रोल तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर गेले, तर पेशंटचा आकडा लिहू नका. आधी कारण शोधा.

रन

इथे हात आणि घड्याळ दोन्ही लागतात. सेमी-ऑटो मशीन अर्धा तास आधी चालू करा. स्टॅबिलायझर किंवा यूपीएसवरच चालवा, व्होल्टेज हललं की दिवा हलतो. तरंगलांबी ५३० ते ५४६ च्या दरम्यान, लिटरेचरमध्ये असेल ती. तापमान ३७. मोड फिक्स्ड टाइम, आणि पहिलं रीडिंग दहाव्या मिनिटाला, दुसरं पंधराव्या मिनिटाला.

नवी मुलं हमखास विचारतात, पहिली दहा मिनिटं वाया का घालवायची? कारण सिरममध्ये एनबीटीशी झगडणारे इतरही पदार्थ असतात आणि ते लवकर प्रतिक्रिया देतात. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा जोर ओसरतो. त्यानंतर जो रंग वाढतो तो मुख्यतः कीटोअमाइनचा. दहाव्या मिनिटाऐवजी आठव्याला वाचलं तर इतरांचा रंगही हिशेबात येतो आणि आकडा फुगतो.

आमच्या किटचं प्रमाण असं आहे: १ मिली रिएजंट, ५० मायक्रोलिटर सिरम. तुमच्या किटचं वेगळं असू शकतं, लिटरेचरप्रमाणेच घ्या. रिएजंट ३७ वर गरम होऊ द्या, पाच मिनिटं. टिप सिरममध्ये फक्त दोन-तीन मिलिमीटर बुडवा. बाहेर काढल्यावर टिपची बाहेरची बाजू टिश्यूनं पुसा, टोकाला हात न लावता. ५० मायक्रोलिटरमध्ये दोन मायक्रोलिटर कमी-जास्त झालं की चूक ४ टक्क्यांची. ४१० चं ३९४ किंवा ४२६ होतं. सिरम चिकट असतं, पिपेटचं बटण सावकाश सोडा, नाहीतर टिपमध्ये बुडबुडा येतो. सिरम घातलं की हलवा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू.

पाच सॅम्पल असतील तर प्रत्येकात एक-एक मिनिटाचं अंतर ठेवून सिरम घाला आणि त्याच क्रमानं, त्याच अंतरानं वाचा. ट्यूबवर क्रमांक आणि वेळ मार्करनं लिहा. मध्ये कोणी "ताई, मनी साखर कितली शे?" म्हणत काउंटरवर आलं तर त्यांना बसवून घ्या, पण पंधरा मिनिटं टेबल सोडू नका. कोणाला तरी काउंटरवर उभं करूनच रन सुरू करा.

हिशेब सोपा आहे. पंधराव्या मिनिटाच्या ॲब्सॉर्बन्समधून (शोषलेल्या प्रकाशाच्या मापातून) दहाव्याचा वजा करा, पेशंटसाठी आणि कॅलिब्रेटरसाठीही. मग पेशंटच्या फरकाला कॅलिब्रेटरच्या फरकानं भागा आणि कॅलिब्रेटरच्या किमतीनं गुणा. त्या धडगावच्या बाईंचा हिशेब माझ्या वहीत आहे: पेशंटचा फरक ०.०८२, कॅलिब्रेटरचा ०.०९६, कॅलिब्रेटर ४८०. उत्तर ४१० मायक्रोमोल प्रति लिटर. फरक किती बारीक आहे ते बघा, तिसऱ्या दशांशात. फ्लो सेलवर (मशीनमध्ये प्रकाश जिच्यातून जातो त्या कुपीवर) एक डाग किंवा एक बुडबुडा, आणि आकडा पार बदलतो. मशीन उत्तर स्वतःच देतं हे खरं, तरी पहिले काही महिने हिशेब हातानं करा, म्हणजे चुकीचं फॅक्टर फीड झालं असेल तर डोळ्यात भरेल.

रीडिंग आल्यावर

डायबेटिस नसलेल्या माणसाची मर्यादा एनबीटी पद्धतीत साधारण २०५ ते २८५ मायक्रोमोल प्रति लिटर. रिपोर्टवर मात्र तुमच्या किटची मर्यादाच छापा. पेशंटच्या जुन्या फाइलमध्ये कधी २.४ किंवा २.६ असा आकडा दिसेल. ती पहिल्या पिढीची किट, एकक मिलिमोल आणि कॅलिब्रेटर वेगळा. हजारानं गुणून तो आजच्या आकड्याशी जुळवू नका.

डॉक्टर कधी विचारतात, "हे एचबीएवनसीच्या भाषेत किती?" त्यासाठी एक प्रचलित सूत्र आहे: फ्रुक्टोसामाइनला ०.०१७ नं गुणा, त्यात १.६१ मिळवा. ४१० चं ८.६ येतं, ३१७ चं ७.०. बाईंची मशीनवरची ५.१ आणि हे ८.६, यांतलं अंतर बघितलं की ही तपासणी कशासाठी आहे ते समजतं. हा अंदाज तोंडी सांगा, किंवा लिहायचाच तर "अंदाजे समतुल्य" असं स्पष्ट लिहा. एचबीएवनसीच्या रकान्यात तो कधी छापू नका. आणि फ्रुक्टोसामाइनवरून डायबेटिसचं निदान करत नाहीत. डोळे-किडनीच्या पुढच्या त्रासाचा अंदाज एचबीएवनसीवरून बांधता येतो, कारण त्यामागे १९९३ ची डीसीसीटी आणि १९९८ ची यूकेपीडीएस अशा डायबेटिसच्या पेशंटवरच्या मोठ्या चाचण्यांचा आधार आहे. फ्रुक्टोसामाइनला तितका आधार नाही. ही तपासणी नियंत्रणावर नजर ठेवायला, आणि एचबीएवनसीवर भरवसा ठेवता येत नाही तिथे.

प्रथिनं कमी असतील तर आकडा दुरुस्त करून द्यावा का, यावर मतभेद आहेत. काही जण फ्रुक्टोसामाइनला ७.२ नं गुणून पेशंटच्या टोटल प्रोटीननं भागतात. मी दुरुस्त आकडा छापत नाही. अल्ब्युमिन शेजारी छापते आणि खाली लिहिते, "अल्ब्युमिन कमी, निष्कर्ष सावधपणे काढावा." दुरुस्त केलेला आकडा बघून डॉक्टरांना वाटतं की सगळं ठीक झालं, आणि मूळ अडचण नजरेआड होते.

दोन तपासण्यांतला छोटा फरक म्हणजे सुधारणा नव्हे. मागच्या महिन्यात ३४०, आता ३३२, तर त्याला "तसंच आहे" म्हणा. पिपेट, मशीन आणि माणसाचं रोजचं शरीर मिळून तेवढा फरक सहज पडतो. दहा-बारा टक्क्यांच्या पुढे गेलं तर मग बदल मानावा. पेशंट आकड्याकडे मोठ्या आशेनं बघत असतो, आठ मायक्रोमोल उतरले तर घरी पेढे वाटतो आणि आठ चढले तर गोळ्यांवरचा विश्वास गमावतो. त्याला हे आपणच सांगायचं असतं.

रिपोर्टवर एवढं असू द्या: पद्धत, एकक, किटची मर्यादा, अल्ब्युमिन, सिरमचा रंग वेगळा असेल तर तो, आणि सिकलसेल किंवा रक्त चढवल्याची माहिती असेल तर ती. त्या बाई आता दर महिन्याला येतात. प्रत्येक रिपोर्टवर आम्ही एक ओळ ठळक छापतो, "या पेशंटमध्ये एचबीएवनसी ग्राह्य धरू नये", कारण पुढच्या वेळी त्या कुठल्या डॉक्टरांकडे, कुठल्या गावात जातील ते आपल्याला माहीत नसतं.

आवरताना

फॉर्मझान चिकट असतो. तो फ्लो सेलला, ट्यूबिंगला धरून बसतो आणि पुढच्या तपासणीत रंग मिसळतो. फ्रुक्टोसामाइनची बॅच झाली की लगेच वॉश सोल्यूशन ओढा, पाच-सहा वेळा. मग डिस्टिल्ड वॉटर. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, जड पाण्याचा पांढरा थर फ्लो सेलमध्ये बसला की काढणं कठीण जातं. बाहेर पडणारं पाणी पांढऱ्या कागदासमोर धरा. त्यात जांभळी छटा अजिबात दिसली नाही की वॉटर ब्लँक, म्हणजे नुसत्या पाण्याचं रीडिंग, घ्या, आणि ब्लँक सकाळच्या आकड्यावर परत आला असेल तरच शुगरची पुढची बॅच लावा.